ग्लोबल कॉम्पॅक्टमध्ये सामील होताना: प्रतिज्ञेच्या पत्रापासून पहिल्या प्रगती अहवालापर्यंत

आपल्या कंपनीने संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे कंपन्यांनी दहा तत्त्वे पाळण्याचे वचन देण्याच्या उपक्रमात, सामील व्हायचे ठरवले असेल आणि ते काम तुमच्या टेबलावर येऊन पडले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत हे काम माझ्याकडे आले, तेव्हा एक पत्र तयार करून त्यावर सर्वोच्च अधिकाऱ्याची सही घेतली की काम संपले, अशी माझी समजूत होती. पत्राला एक दुपार लागली. त्या पत्रात दिलेल्या शब्दाला जागण्यासाठी काय काय करावे लागते, हे नीट समजायला मात्र पुढची दोन वर्षे गेली. ती दोन वर्षे तुमची वाचावीत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी ३१ जानेवारी १९९९ रोजी दावोस येथे उद्योगजगतासमोर या कराराची कल्पना मांडली आणि २६ जुलै २००० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याची औपचारिक सुरुवात झाली. सुरुवातीला तत्त्वे नऊ होती. भ्रष्टाचारविरोधी दहावे तत्त्व २००४ मध्ये जोडले गेले. पहिली दोन तत्त्वे मानवी हक्कांची, तिसरे ते सहावे श्रमविषयक, सातवे ते नववे पर्यावरणाची आणि दहावे लाचलुचपतीविरुद्धचे आहे. ही तत्त्वे कोणाच्या मनात आली म्हणून लिहिलेली नाहीत. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९९८ ची मूलभूत हक्कांविषयीची घोषणा, १९९२ ची रिओ घोषणा आणि २००३ चा भ्रष्टाचारविरोधी करार हे त्यांचे आधार आहेत. दहा तत्त्वे जेमतेम एका पानावर मावतात. त्यांचा अर्थ मात्र या चार दस्तऐवजांमध्ये आहे. त्यामुळे कोणत्याही तत्त्वाविषयी शंका आली की त्याचा मूळ दस्तऐवज उघडावा.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी व्यवस्थापनाला स्पष्ट सांगा. या उपक्रमात येणे ऐच्छिक आहे. एकदा आल्यावर दरवर्षी जाहीर अहवाल देणे ऐच्छिक नाही. अहवाल वेळेत दिला नाही, तर कंपनीच्या नावापुढे तसा शेरा लागतो आणि तरीही दिला नाही तर नाव यादीतून काढले जाते. या कारणाने आजवर हजारो कंपन्यांची नावे गेली आहेत.

१. कोणती बांधिलकी कशा प्रकारची आहे, ते आधी वेगळे करा

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ नावांचा होतो. बैठकीत कोणी जीआरआय म्हणते, कोणी आयएसओ २६०००, कोणी संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकास ध्येये, आणि सगळी एकाच जातीची असावीत असे वाटू लागते. प्रत्यक्षात काहींवर सही करायची असते, काही मार्गदर्शनासाठी वाचायची असतात, काहींच्या आधारे मोजमाप करायचे असते आणि काहींच्या चौकटीत अहवाल लिहायचा असतो.

ग्लोबल कॉम्पॅक्ट आणि २०१० ची महिला सक्षमीकरणाची सात तत्त्वे यांवर कंपनीचा प्रमुख सही करतो. जीआरआय ही अहवाल लिहिण्याची मानके आहेत. जीएचजी प्रोटोकॉल ही हरितगृह वायू मोजण्याची पद्धत आहे. व्यवसाय आणि मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या एकतीस तत्त्वांवर कंपनीने सही करायची नसते. ती सर्वच कंपन्यांना उद्देशून आहेत. ओईसीडी या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची बहुराष्ट्रीय उद्योगांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे १९७६ पासून आहेत आणि २०२३ मध्ये ती सुधारली गेली. तिथेही बांधिलकी सरकारांची असते, पण ती मानणाऱ्या देशात किंवा त्या देशातून व्यवहार करणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध तिथल्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार करता येते. म्हणजे ज्या कागदावर आपण कधी सही केली नाही, त्याच्या आधारेही आपल्याला जाब विचारला जाऊ शकतो. आमच्या संचालकांना ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती कळल्यावर बैठकीचा सूर बदलला.

इथला सापळा आयएसओ २६००० चा आहे. सामाजिक जबाबदारीविषयीचे हे मानक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते केवळ मार्गदर्शक आहे. प्रमाणपत्र देण्यासाठी ते नाही, असे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. तरीही त्याचे प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणारे सल्लागार भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्या.

२. पात्रता तपासा आणि संचालक मंडळाचा ठराव घ्या

काही व्यवसायांना या उपक्रमाचे दार बंद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांखाली असलेल्या, त्यांच्या खरेदीयंत्रणेने अपात्र ठरवलेल्या, तसेच भूसुरुंग, क्लस्टर बॉम्ब, अण्वस्त्रे, रासायनिक किंवा जैविक शस्त्रे यांतून उत्पन्न मिळवणाऱ्या कंपन्या सामील होऊ शकत नाहीत. तंबाखूजन्य पदार्थांच्या उत्पादकांनाही २०१७ पासून वगळले आहे. अर्ज आल्यावर कंपनीची पार्श्वभूमी तपासली जाते, म्हणून एखादा जुना खटला किंवा वाद असेल तर तो झाकून ठेवू नका. त्याची माहिती आणि त्यावर केलेली कारवाई तयार ठेवा.

वार्षिक वर्गणी कंपनीच्या उलाढालीवर ठरते. ती रक्कम अर्ज करण्यापूर्वीच लेखा विभागाकडून अंदाजपत्रकात घालून घ्या. समूहात अनेक कंपन्या असतील, तर प्रतिज्ञा नेमकी कोणाच्या नावे होते आणि कोणते कारखाने तिच्या कक्षेत येतात, हे ठरावातच लिहून घ्या. हा मुद्दा कोरडा वाटतो, पण पुढे प्रत्येक आकडा भरताना हीच सीमा लागते.

३. ही कागदपत्रे एकत्र करा

अर्जासाठी लागणारे कागद मोजकेच आहेत. पहिल्या अहवालासाठी मात्र बरेच काही लागते आणि ते वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले असते. म्हणून दोन्हींची जमवाजमव एकाच वेळी सुरू करा.

- कंपनीची नोंदणी, मालकी रचना आणि मागील वर्षाची उलाढाल
- थेट नोकरीवरील कर्मचाऱ्यांची संख्या आणि कंत्राटी कामगारांची स्वतंत्र संख्या
- संचालक मंडळाचा ठराव
- आचारसंहिता, मानवी हक्क, सुरक्षा, पर्यावरण आणि लाचलुचपतविरोधी धोरणे, मंजुरीच्या तारखेसह
- हजेरीपट, वेतनपत्रके, जादा कामाच्या नोंदी आणि अपघात नोंदवही
- वीज, डिझेल, गॅस आणि पाणी यांची बारा महिन्यांची बिले
- कचऱ्याची विल्हेवाट लावल्याच्या पावत्या
- भेटवस्तू आणि देणग्यांची नोंदवही
- मोठ्या पुरवठादारांची यादी आणि त्यांच्याशी केलेले करार

यांतील एखादी वस्तू अस्तित्वातच नसेल, तर घाईघाईने मागची तारीख टाकून ती तयार करू नका. नसल्याची नोंद करा. ही सूचना मी अगदी मनापासून करत आहे, कारण पहिल्या वर्षी सर्वांत मोठा मोह हाच असतो.

४. पत्र लिहा, पण सही करणाऱ्याला ते वाचायला लावा

पत्र संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना उद्देशून असते. त्याचा नमुना तयार मिळतो आणि कंपनीतील सर्वोच्च अधिकाऱ्याची सही त्यावर आवश्यक असते. त्यात तीन वचने आहेत: दहा तत्त्वे कंपनीचे धोरण, संस्कृती आणि दैनंदिन कामकाज यांचा भाग करणे, विकासाच्या व्यापक उद्दिष्टांसाठी, विशेषतः शाश्वत विकास ध्येयांसाठी, सहकार्याच्या उपक्रमांत सहभागी होणे आणि दरवर्षी प्रगतीचा जाहीर हिशेब देणे.

सहीच्या ढिगात हे पत्र सरकवू नका. पंधरा मिनिटांचा वेळ मागून घ्या आणि पहिल्या वचनातील ‘दैनंदिन कामकाज’ या शब्दांवर बोट ठेवून विचारा की खरेदी विभागाने स्वस्त पण नियम मोडणाऱ्या पुरवठादाराला नाकारले आणि त्यामुळे माल उशिरा आला, तर आपण त्याच्या पाठीशी उभे राहणार का. त्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ येत नसेल, तर सही पुढे ढकलणे अधिक प्रामाणिक ठरेल.

५. कागद बाजूला ठेवून कारखान्यात फिरा

या पायरीवर मी अधिक थांबणार आहे, कारण बहुतेक कंपन्या ती टाळतात आणि थेट धोरणे लिहायला बसतात. धोरण कार्यालयात तयार होते. तत्त्व मोडले जाते ते फाटकावर, मालाच्या गोदामात, कंत्राटदाराच्या खोलीत आणि रात्रपाळीत. म्हणून दहा तत्त्वांची यादी हातात घेऊन प्रत्येक पाळीच्या वेळी एकदा फिरा. सोबत मनुष्यबळ विभागाचा एक माणूस असू द्या, पण कामगारांशी बोलताना त्याला थोडे लांब उभे राहायला सांगा.

पहिली तीन तत्त्वे कागदावर सर्वांत सोपी वाटतात. तिसऱ्या तत्त्वात संघटना करण्याचे स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क आहे. ‘आमच्याकडे संघटना नाही, पण कोणाची तक्रारही नाही’ हे उत्तर अनेक ठिकाणी ऐकायला मिळते. अशा वेळी प्रश्न बदला: संघटना करायची झाली तर कोणाशी बोलावे हे कामगारांना ठाऊक आहे का, आणि बोलणाऱ्याची पाळी किंवा बढती धोक्यात येईल अशी भीती आहे का?

चौथ्या तत्त्वाकडे, म्हणजे सक्तीच्या श्रमांकडे, सहसा कोणी गंभीरपणे पाहत नाही. सक्तीचे श्रम म्हणजे साखळदंड अशी कल्पना डोक्यात असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमांची अकरा लक्षणे सांगितली आहेत आणि ओळखपत्रे अडकवून ठेवणे, वेतन रोखणे, कर्जाने बांधून ठेवणे ही त्यांतलीच आहेत. आमच्या फेरीत कंत्राटदाराच्या लोखंडी कपाटात रबरबँड लावलेला एक गठ्ठा सापडला. त्यात सतरा कामगारांची मूळ ओळखपत्रे होती. ‘हरवू नयेत म्हणून ठेवतो’ असे त्याने अगदी सहज सांगितले आणि त्याच्या बोलण्यात खोटेपणा असेल असे मला वाटले नाही. परंतु त्यांतील एकाने घरी जाण्यासाठी स्वतःचे ओळखपत्र मागितले होते आणि कामाचा हंगाम संपल्यावर मिळेल असे उत्तर त्याला मिळाले होते, हे त्याच संध्याकाळी कळले. कंत्राटदाराचा हेतू काहीही असला तरी त्या माणसाला जाता येत नव्हते. ओळखपत्रे त्याच दिवशी परत केली गेली आणि कामगारांनी स्वतःची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवावीत यासाठी प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा खण मिळाला.

याच फेरीत भरतीच्या खर्चाविषयीही विचारा. काम मिळवण्यासाठी मध्यस्थाला किती पैसे दिले, ते कोणाकडून उसने घेतले आणि ते वेतनातून कापले जातात का, हे प्रश्न एकेकट्या कामगाराला विचारावे लागतात; सर्वांसमोर कोणी सांगत नाही. भरतीचे शुल्क कामगारावर पडू नये, अशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची भूमिका आहे.

बालमजुरीच्या पाचव्या तत्त्वासाठी वयाचा पुरावा पाहा, तोही केवळ आपल्या हजेरीपटावरील नावांचा नको. सफाई, माल चढवणे-उतरवणे, उपाहारगृह आणि घरून काम करून देणारी कुटुंबे हे कोपरे बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करार १३८ नुसार किमान वय सर्वसाधारणपणे पंधरा वर्षे असते. काही विकसनशील देशांना सुरुवातीला चौदा ठेवण्याची मुभा दिली आहे. धोक्याच्या कामासाठी ते अठरा आहे. एखादे मूल कामावर आढळले तर त्याला त्या क्षणी हाकलून देऊ नका, कारण ते दुसऱ्या दिवशी याहून वाईट जागी कामाला लागण्याची शक्यता असते. त्याचे शिक्षण आणि कुटुंबाचे बुडालेले उत्पन्न यांची सोय लावून मगच त्याला कामातून बाहेर काढा.

सुरक्षेचा उल्लेख दहा तत्त्वांमध्ये स्वतंत्रपणे नाही, म्हणून काही जण तो विषय वगळतात. ही चूक आहे. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कार्यस्थळ हा मूलभूत हक्कांत समाविष्ट केला आणि अहवालातही त्याविषयी विचारले जाते. केवळ ऐच्छिक तपासण्यांवर विसंबण्याची किंमत काय असते, हे बांगलादेशातील राणा प्लाझाने दाखवले. २४ एप्रिल २०१३ रोजी कपड्यांचे कारखाने असलेली ती इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. त्यानंतर त्याच वर्षी झालेला इमारत आणि अग्निसुरक्षेचा करार कामगार संघटना आणि कपड्यांच्या कंपन्या यांच्यात कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक होता. आपल्या ऐच्छिक प्रतिज्ञेला स्थानिक कायदा आणि लेखी करार यांची जोड का हवी, हे समजावताना मी नेहमी याच घटनेचा आधार घेतो.

६. तक्रार यंत्रणा खरोखर चालते का ते पाहा

आमच्याकडे जिन्याखाली पत्र्याची एक तक्रारपेटी होती. पहिल्या अहवालाच्या मसुद्यात तिच्या भरवशावर ‘तक्रार निवारण यंत्रणा आहे’ असे लिहिले गेले होते. मी पेटी उघडायला सांगितली, तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हेच कळेना. कुलूप गंजलेले होते. शेवटी ते तोडावे लागले. आत दोन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत पॅकिंग विभागातील एका महिलेने लिहिले होते की रात्रपाळीत स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नाही. चिठ्ठीवरच्या तारखेला चौदा महिने उलटून गेले होते. दिवा त्याच संध्याकाळी लागला, पण चौदा महिने ती आणि तिच्यासोबतच्या बायका त्या अंधारातून ये-जा करत होत्या, ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही.

२०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील एकतिसावे तत्त्व परिणामकारक यंत्रणेच्या कसोट्या सांगते. ती विश्वासार्ह, सहज पोहोचता येण्याजोगी, प्रक्रिया आधीच माहीत असलेली, न्याय्य, पारदर्शक, हक्कांशी सुसंगत, अनुभवातून शिकणारी आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याशी बोलून उभारलेली असावी. आमची पेटी पर्यवेक्षकाच्या खोलीच्या खिडकीसमोर होती, म्हणजे दुसऱ्याच कसोटीत ती नापास झाली. पेटी हलवा, किल्ली दोघांकडे ठेवा, त्यांतील एक कामगारांनी निवडलेला असू द्या, ठरलेल्या वारी ती उघडा आणि प्रत्येक तक्रारीवर काय केले ते नाव न लिहिता फलकावर लावा. कंत्राटी कामगार आणि शेजारच्या वस्तीतील लोक यांनाही तक्रार करता आली पाहिजे.

७. पर्यावरणाचे आकडे बिलांवरून काढा

सातव्या ते नवव्या तत्त्वांसाठी वृक्षारोपणाची छायाचित्रे पुरत नाहीत. सुरुवात मोजणीपासून करा. जीएचजी प्रोटोकॉलमध्ये उत्सर्जनाच्या तीन कक्षा आहेत. पहिल्या कक्षेत कंपनी स्वतः जाळते ते इंधन आणि गळणारे वायू येतात, दुसऱ्या कक्षेत विकत घेतलेली वीज येते, आणि तिसऱ्या कक्षेत कच्च्या मालापासून विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंतचे बाकी सर्व येते. या तिसऱ्या कक्षेचे पंधरा प्रकार आहेत.

पहिल्या वर्षी पहिल्या दोन कक्षा नीट करा आणि तिसऱ्यातील सर्वांत मोठे दोन-तीन प्रकार निवडा. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे जनरेटरचा हिशेब अवघड नाही. अडचण येते ती लिटरच्या आकड्यात. आमच्याकडे जनरेटरच्या वहीतील बेरीज आणि लेखा विभागाच्या बिलांची बेरीज यांत बराच फरक निघाला, कारण फोर्कलिफ्टचे डिझेल त्याच टाकीतून जात होते आणि त्याची नोंद कोणी ठेवत नव्हते. वातानुकूलन आणि शीतगृहातील शीतक वायू पुन्हा भरल्याची बिलेही शोधा. या वायूंचे वजन थोडे असले तरी तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो ते हजारो पट असतो आणि पहिल्या हिशेबात नेमके हेच सुटतात.

‘नेट झिरो’ची, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची, घोषणा करण्याची घाई करू नका. सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या कंपन्यांची उत्सर्जन कपातीची उद्दिष्टे तपासून मंजूर करणाऱ्या उपक्रमात बांधिलकी जाहीर केल्यावर उद्दिष्ट मंजुरीसाठी देण्यास चोवीस महिन्यांची मुदत असते आणि ती चुकली की बांधिलकी काढून घेतल्याचा शेरा सार्वजनिक यादीत दिसतो. नजीकच्या काळातील उद्दिष्टांसाठी विकत घेतलेले कार्बन क्रेडिट, म्हणजे इतरत्र झालेल्या उत्सर्जन कपातीचे श्रेय, तिथे धरले जात नाहीत. आधारवर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाशी पुढची तुलना करायची त्याचा, आकडा पक्का नसताना उद्दिष्ट जाहीर करणाऱ्याला पुढे कपातीचा हिशेब देता येत नाही.

८. लाचलुचपतीचा भाग विक्री आणि खरेदी विभागांसोबत लिहा

हा विषय विधी विभागाकडे सोपवला की एक सुबक धोरण तयार होते आणि तिथेच थांबते. परवाने काढून देणारे दलाल, माल सोडवून आणणारे मध्यस्थ आणि कमिशनवर काम करणारे विक्रेते यांची यादी करा. कंपनीच्या नावाने पैसे देण्याची जोखीम बहुतेक वेळा इथेच असते. ‘किरकोळ खर्च’ या खात्यातील एका महिन्याच्या पावत्या स्वतः चाळा.

९. प्रश्नावली भरताना पुरावा आधी, उत्तर नंतर

२०२३ पासून प्रगती अहवालाचे दोन भाग आहेत: सर्वोच्च अधिकाऱ्याचे पाठिंब्याचे निवेदन आणि ऑनलाइन प्रश्नावली. प्रश्नावलीत प्रशासन, मानवी हक्क, श्रम, पर्यावरण आणि भ्रष्टाचारविरोध असे पाच विभाग आहेत. भरलेली उत्तरे कंपनीच्या पानावर जाहीरपणे दिसतात, त्यामुळे ग्राहक, गुंतवणूकदार, पत्रकार आणि आपलेच कामगार ती वाचू शकतात. सादरीकरणाची मुदत आणि आपला पहिला अहवाल कोणत्या वर्षी द्यायचा, हे सामील होतानाच लेखी विचारून घ्या.

माझी पद्धत अशी आहे. प्रत्येक प्रश्नासाठी एका ओळीत चार रकाने करतो: उत्तर, त्याचा पुरावा, पुरावा कोणाकडे आहे आणि तो कोणत्या तारखेचा आहे. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर उत्तर ‘नाही’ किंवा ‘पुढील काळात करण्याचा विचार आहे’ असेच जाते. आमच्या पहिल्या अहवालात ‘नाही’ची संख्या पाहून विपणन विभाग अस्वस्थ झाला होता. मी त्यांना एवढेच म्हटले की या वर्षी खोटे ‘हो’ लिहिले, तर पुढच्या वर्षी त्यात सुधारणा दाखवायला जागाच उरणार नाही.

आणखी दोन सापळे लक्षात ठेवा. पहिला म्हणजे धोरण असणे आणि ते अमलात असणे यांची गल्लत. प्रशिक्षण दिल्याचे लिहायचे तर उपस्थितांच्या सह्यांची यादी हवी आणि कंत्राटी कामगार त्यात होते का तेही सांगता आले पाहिजे. दुसरा सापळा शाश्वत विकास ध्येयांचा. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या या सतरा ध्येयांखाली १६९ लक्ष्ये आहेत. कंपनीच्या प्रत्येक कामाला एखाद्या ध्येयाचे रंगीत चिन्ह चिकटवणे सोपे आहे, पण आपल्या व्यवसायामुळे जिथे सर्वाधिक हानी किंवा लाभ होतो अशी दोन-तीन ध्येये निवडा, लक्ष्याच्या क्रमांकापर्यंत उतरा आणि हानीचाही उल्लेख करा.

१०. चिन्हाचा वापर मर्यादेत ठेवा

सामील झाल्यावर ग्लोबल कॉम्पॅक्टला पाठिंबा दर्शवणारे चिन्ह नियमांच्या चौकटीत वापरता येते. संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे बोधचिन्ह मात्र वापरता येत नाही. हे सदस्यत्व गुणवत्तेचे प्रमाणपत्र नाही आणि कंपनीची कामगिरी कोणी तपासून मान्य केल्याचा तो पुरावाही नाही. उत्पादनाच्या वेष्टनावर ‘संयुक्त राष्ट्रमान्य’ असा अर्थ निघेल असे काहीही छापू देऊ नका. छपाईला जाणारा प्रत्येक मजकूर आधी तुमच्याकडे येईल, अशी लेखी सूचना विपणन विभागाला पहिल्याच आठवड्यात द्या.

११. अहवाल कामगारांच्या भाषेत फलकावर लावा

अहवाल सादर झाला की बहुतेक कार्यालये सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाची दिनदर्शिका करा: दर महिन्याला बिलांच्या नोंदी, दर तिमाहीला कारखान्यातील फेरी, वर्षातून दोनदा संचालक मंडळासमोर आढावा. जबाबदारी व्यक्तीच्या नावाऐवजी पदाच्या नावे लिहा, कारण माणूस बदलला की फाइल हरवते आणि मुदत चुकते.

त्यानंतर प्रश्नावलीतील श्रम आणि मानवी हक्कांच्या उत्तरांचा साध्या भाषेत अनुवाद करून तो पाळीबदलाच्या जागी लावा आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधून ठेवा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्याविषयीच्या उत्तरासमोर कोणीतरी लिहिले होते, ‘तिसऱ्या पाळीत थंड पाण्याचे यंत्र बंद असते.’ रात्री जाऊन पाहिले. यंत्राचा खटका ज्या खोलीत होता, तिला नऊनंतर कुलूप लागत असे. दुसऱ्या वर्षाच्या कामांच्या यादीत आम्ही पहिली ओळ तीच लिहिली.